पंगूंना क्रीडांगणावर आणणारे धन्वंतरी : सर लुडविग गुटमान

आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या क्रीडासंमेलनात डॉक्टरांची जागा ठरलेली असते. मंडपाच्या एका कोपऱ्यात टेबल, त्यावर आयोडीन, कापूस व पट्ट्या, आणि शेजारी घड्याळाकडे पाहत बसलेले डॉक्टर. गुडघा फुटला की मुलाने तिकडे जावे, पट्टी बांधून घ्यावी आणि परत यावे. समारोपाच्या वेळी कार्यवाहांनी त्यांचे आभार मानावेत, एवढाच त्यांचा नि खेळांचा संबंध. परंतु ज्या स्पर्धेतील प्रत्येक खेळाडू हा आधी रुग्ण होता, ज्या स्पर्धेची कल्पना रुग्णालयाच्या आवारात जन्मली, आणि जिचा वैद्यकीय प्रमुख हाच जिचा जनकही होता, अशी एक स्पर्धा विसाव्या शतकात निर्माण झाली. आज ती पॅरालिंपिक या नावाने जगभर ओळखली जाते. तिचे जनक सर लुडविग गुटमान यांचे चरित्र आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना, विशेषतः तरुण मंडळींना सादर करावे असे बरेच दिवस मनात होते.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी अप्पर सायलेशिया प्रांतातील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हा प्रदेश तेव्हा जर्मनीत होता. आज तो पोलंडमध्ये आहे व त्या गावास तोशेक म्हणतात. लुडविग लहान असतानाच हे कुटुंब क्योनिग्सह्युटे या कोळशाच्या खाणींच्या शहरी येऊन राहिले. शाळेचे शिक्षण तेथेच झाले.

इ. स. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, अठरा वर्षांचा हा मुलगा गावातील खाणकामगारांच्या अपघात-रुग्णालयात सेवक म्हणून काम करीत होता. तेथे एके दिवशी धिप्पाड शरीराचा एक तरुण खाणकामगार आणण्यात आला. त्याच्या पाठीचा कणा मोडला होता व कमरेखालचे शरीर पार लुळे पडले होते. त्याला प्लास्टरमध्ये बसविण्यात आले आणि त्याची खाट पडद्याआड, इतर रोग्यांपासून दूर ठेवण्यात आली. लुडविगने नित्याप्रमाणे त्याच्या प्रकृतीची टिपणे घेण्यास आरंभ केला, तेव्हा वरिष्ठांनी त्याला समजावले की ही तसदी व्यर्थ आहे, हा मनुष्य काही आठवड्यांचाच सोबती आहे. आणि तसेच झाले. पाठीला जखमा पडल्या, मूत्रमार्गात पू झाला, ते विष रक्तात भिनले आणि पाच आठवड्यांच्या आसपास तो तरुण गेला. त्या काळी हा दैवाचा खेळ समजला जाई. पहिल्या महायुद्धात कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांपैकी सुमारे दहांतील आठ जण अशाच रीतीने गेले. गुटमान यांनी पुढे आयुष्यभर या एका रोग्याचे चित्र मनातून पुसू दिले नाही.

१९१८ मध्ये ते ब्रेस्लाउ येथे वैद्यक शिकू लागले व पुढे फ्रायबुर्ग येथून १९२४ साली वैद्यकाची पदवी घेतली. फ्रायबुर्गला ज्यू विद्यार्थ्यांच्या एका मंडळात ते सामील झाले. शरीर कमावणे आणि अपमान करणाऱ्यासमोर मान खाली न घालणे, हे त्या मंडळाचे ब्रीद होते. त्यानंतर ब्रेस्लाउ येथे ओटफ्रिड फ्योर्स्टर या विख्यात मज्जाविकारतज्ज्ञाच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. मधले हॅम्बर्ग येथील वर्ष सोडले, तर १९३३ पर्यंतचा काळ फ्योर्स्टर यांच्या कडक शिस्तीत गेला. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, हीच ती शिस्त. पुढे शिष्याने ती गुरूपेक्षाही कडकपणे चालविली असे त्यांचे सहकारी सांगत.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून घालवून देण्यात आले. गुटमान ब्रेस्लाउच्या ज्यू रुग्णालयात गेले व १९३७ साली त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली व दुकाने फोडण्यात आली. त्या रात्री गुटमान यांनी रुग्णालयात आज्ञा दिली की दाराशी येणाऱ्या कोणासही, कसलीही विचारपूस न करता, दाखल करून घ्यावे. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलिसांचे अधिकारी आले व एका रात्रीत एवढे रोगी कोठून आले याचा जाब विचारू लागले. गुटमान त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी गेले आणि प्रत्येकासाठी एकेक व्याधी सांगत सुटले. दाखल केलेल्या चौसष्ट जणांपैकी साठ जण छळछावणीतून वाचले. असत्य बोलू नये असे मी चाळीस वर्षे वर्गात शिकविले. पण त्या दिवशीच्या त्या असत्यापुढे मी हात जोडतो.

डिसेंबर १९३८ मध्ये एक विलक्षण प्रसंग घडला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका स्नेह्याला तपासण्यासाठी जर्मन सरकारनेच गुटमान यांना लिस्बनला धाडले. ज्याच्या पारपत्रावर त्याच सरकारने टाच आणली होती, त्यालाच ते परत द्यावे लागले! परतीच्या वाटेवर ते दोन दिवस लंडनला थांबले. निर्वासित विद्वानांना साहाय्य करणाऱ्या तेथील संस्थेने त्यांची सोय केली आणि मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्से व दोन लहान मुले यांच्यासह ते इंग्लंडच्या किनाऱ्यास लागले. ऑक्सफर्ड येथे त्यांना आश्रय व संशोधनाचे काम मिळाले. एके काळचा रुग्णालयप्रमुख आता परभाषेत, परक्यांच्या कृपेवर, प्रयोगशाळेत बसून होता. रोग्यांपासून दूर राहणे त्यांना जड गेले असले पाहिजे.

१९४३ च्या सप्टेंबरात ब्रिटिश सरकारकडून विचारणा झाली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याची सिद्धता चालू होती, आणि कण्याला जखमा झालेले असंख्य तरुण परत येतील हे दिसत होते. त्यांच्यासाठी बकिंगहॅमशायरमधील एल्सबरी गावाजवळ, स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात एक स्वतंत्र विभाग काढावयाचा होता. गुटमान यांनी एकच अट घातली, की उपचार आपल्या पद्धतीने चालतील, त्यात कोणी ढवळाढवळ करू नये. १ फेब्रुवारी १९४४ रोजी विभाग सुरू झाला, तेव्हा युद्धकाळातील बैठ्या बराकींत खाटा सव्वीस होत्या व रोगी अवघा एक.

येथे त्यांनी काय केले ते जरा विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढील सारी कीर्ती या पायावर उभी आहे. मज्जारज्जू तुटला की तो सांधत नाही. हे सत्य तेव्हाही होते, आजही आहे. परंतु रोगी मरतो तो मज्जारज्जू तुटल्याने नव्हे. तो मरतो पाठीला पडणाऱ्या जखमांनी व मूत्रपिंडे सडल्याने. संवेदना गेलेली असल्यामुळे तो तासन्‌तास एका अंगावर पडून राहतो, हाडांवरची कातडी दाबून मरते, आणि वर प्लास्टर असल्यास ते कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. गुटमान यांनी प्लास्टर काढून टाकले. दर दोन तासांनी प्रत्येक रोग्यास कुशीवर वळवावे, दिवसा आणि रात्रीही, असा नियम केला. मूत्राशय रिकामे करण्याची नळी अत्यंत निर्जंतुक रीतीने घालावी आणि हे काम क्षुल्लक समजून कनिष्ठांवर न टाकता डॉक्टरांनी स्वतः करावे, असाही दंडक घातला. ते रात्री-अपरात्री विभागात येऊन रोग्याला खरोखर वळविले की नाही हे पाहत, आणि चूक आढळल्यास कोणाचीही भीडमुर्वत ठेवीत नसत. या सर्वांत एकही नवे यंत्र नव्हते की दुर्मिळ औषध नव्हते. आपल्या कोकणात माडावरून वा आंब्यावरून पडून, देशावर विहिरीत पडून कितीतरी कर्ते पुरुष अंथरुणाला खिळतात. त्यांच्या घरच्यांनी या दोन तासांच्या नियमाकडे अवश्य लक्ष द्यावे. त्याला पैसा लागत नाही, जागरण लागते.

शरीर वाचले, पण पुढे काय? विशी-बाविशीचा तरुण, कमरेखाली जाणीव नाही, लग्न मोडलेले, नोकरी गेलेली. सहानुभूती दाखविणारे पुष्कळ होते, परंतु गुटमान यांना सहानुभूतीचा तिटकारा होता. रोगी बसता झाला की त्याला सुतारकाम, घड्याळदुरुस्ती वा टंकलेखन शिकावे लागे. तरुणांना हा जाच वाटे. एवढे भोगल्यावर या परकी उच्चाराच्या डॉक्टरने आपल्याला कामाला जुंपावे याचा त्यांना रागही येई. कालांतराने तेच तरुण त्यांना वडिलांच्या प्रेमाने हाक मारू लागले.

खेळांचा आरंभ तर सहज झाला. एके दिवशी गुटमान यांनी पाहिले की काही रोगी चाकांच्या खुर्च्यांत बसून, हातातल्या काठ्या उलट्या धरून, जमिनीवर एक चकती टोलवीत आहेत व मनमुराद हसत आहेत. त्यांनी तो खेळ बंद न करता त्याला नियम घातले. त्यातून चाकाच्या खुर्चीवरील पोलो निघाला. तो फार धसमुसळा ठरल्याने मागे पडला व त्याच्या जागी चेंडू जाळीत टाकण्याचा खेळ आला. नंतर आली तिरंदाजी. या खेळाने खांदे, दंड व पाठीचे वरचे स्नायू बळकट होतात, बसण्याचा तोल साधतो, आणि विशेष म्हणजे चांगल्या धडधाकट माणसाशीही बरोबरीने सामना देता येतो. हा शेवटचा लाभ गुटमान यांस सर्वांत मोठा वाटे.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये वेम्ब्लीच्या क्रीडागारात ऑलिंपिक सामन्यांचे उद्‌घाटन झाले. नेमक्या त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चौदा पुरुष व दोन स्त्रिया, असे सोळा स्पर्धक चाकांच्या खुर्च्यांत बसून धनुष्य ओढीत होते. एका बाजूस स्टोक मँडेव्हिलचे रुग्ण, तर दुसऱ्या बाजूस रिचमंड येथील जखमी सैनिकांच्या आश्रमाचे. तो दिवस गुटमान यांनी मुद्दाम निवडला होता. पुढच्याच वर्षी, हे खेळ एक दिवस पंगूंचे ऑलिंपिक होतील, असे त्यांनी जाहीरपणे बोलून दाखविले. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी ते मनावर घेतले असेल कोण जाणे. १९५२ साली हॉलंडचा संघ आला व स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. त्या वर्षी स्पर्धक १३० होते. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने फर्नली चषक देऊन या कार्याचा गौरव केला.

अशा स्पर्धेचे वैद्यकीय नेतृत्व म्हणजे काय, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. पहिले काम खेळ सुरू होण्यापूर्वीचे. मज्जारज्जू छातीच्या वर तुटला तर धडाचा तोल राहत नाही. कमरेजवळ तुटला तर धड भक्कम राहते. या दोघांना एका शर्यतीत उतरविणे हा अन्याय. म्हणून डॉक्टरांनी प्रत्येक स्पर्धकाला तपासून, दुखापत कोणत्या पातळीवर आहे व कोणते स्नायू चालतात हे पाहून त्याचा वर्ग ठरवावयाचा. कोणाला वाटे आपल्याला वरच्या वर्गात ढकलले, कोणाला वाटे प्रतिस्पर्ध्याला खालच्या वर्गात घेतले. न्यायाधीशाइतकीच ही जोखीम होती.

दुसरे काम अहोरात्र सावध राहण्याचे. ज्याला पायाची जाणीवच नाही, त्याला खुर्चीची कड घासून कातडी सोलली तरी कळत नाही, आणि खेळाच्या आनंदात तो अंग उचलून बसण्याची जागा हलकी करावयाचे विसरतो. शिवाय दुखापतीच्या खालच्या भागास घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीर झपाट्याने तापते. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. जर्मनीत असताना गुटमान यांनी घामाचाच अभ्यास केला होता. घाम लागताच रंग बदलणारी भुकटी अंगावर शिंपडून, शरीराच्या कोणत्या भागाचे मज्जातंतू निकामी झाले आहेत हे दाखविणारी त्यांची परीक्षा वैद्यकात प्रसिद्ध आहे. प्रयोगशाळेतील ते ज्ञान पुढे उन्हातल्या मैदानावर उपयोगी पडणारे होते. देशोदेशींचे संघ आपापल्या रुग्णालयांचे डॉक्टर, परिचारिका व व्यायामोपचारक घेऊन येत. स्पर्धेच्या निमित्ताने ही मंडळी एकत्र बसून उपचारांची चर्चा करीत, आणि त्यातूनच १९६१ साली या विषयाच्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिचे पहिले अध्यक्ष गुटमानच होते.

१८ सप्टेंबर १९६० रोजी हा सोहळा प्रथमच इंग्लंडबाहेर, रोम येथे, ऑलिंपिक संपल्यानंतर लगेच भरला. तेवीस देशांचे ४०० स्पर्धक आले. इटालियन डॉक्टर अँटोनियो माल्यो यांनी सारी खटपट केली होती. परंतु ऐन वेळी राहण्यास मिळालेली घरे खांबांवर उभारलेली व जिन्यांची निघाली. मग इटालियन सैन्यातील जवानांनी खेळाडूंना खुर्च्यांसकट उचलून वर-खाली नेले. आज याच स्पर्धेची पहिले पॅरालिंपिक म्हणून गणना होते.

टोकियोच्या १९६४ च्या स्पर्धेची कथा मला सर्वांत मोलाची वाटते. डॉ. युताका नाकामुरा या तरुण जपानी शल्यवैद्याने १९६० साली स्टोक मँडेव्हिलला येऊन गुटमान यांचे काम पाहिले व मायदेशी जाऊन ते रुजविण्याचा निश्चय केला. पंगू माणसांना लोकांसमोर आणून त्यांचे प्रदर्शन मांडतोस काय, असा ठपका त्याच्यावर आला. अखेर स्पर्धा भरली. जपानचे बहुतेक खेळाडू थेट रुग्णालयांतून व आश्रमांतून आले होते. त्यांनी पाहिले की परदेशचे त्यांच्यासारखेच पंगू नोकऱ्या करतात, संसार करतात, संध्याकाळी शहरात फिरावयास जातात. पदकांपेक्षा ही गोष्ट त्यांच्या मनाला अधिक लागली. पुढच्याच वर्षी नाकामुरांनी बेप्पू येथे अपंगांसाठी कारखाना व वसतिगृह असलेली संस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ सूर्याचे घर असा आहे. आपल्या ज्ञातीतही अशी घरे आहेत, जेथे लुळा पडलेला मुलगा माजघराच्या कोपऱ्यात असतो, आणि पाहुणे आले की त्या खोलीचे दार लोटून घेतले जाते. आपल्या वार्षिक मेळाव्याला येणाऱ्या कुटुंबांच्या यादीत त्याचे नाव नसते. हे आई-बापांच्या निष्ठुरतेने होते असे मी म्हणत नाही; लोक काय म्हणतील या भयाने होते. जपानातही भय तेच होते.

१९६६ साली इंग्लंडच्या राणीने गुटमान यांना सर ही पदवी दिली. लवकरच ते रुग्णालयातून निवृत्त झाले. स्पर्धांतून मात्र नाही. त्यांचा स्वभाव हेकट होता हे लपविण्यात अर्थ नाही. नियम आपणच करावयाचे व सर्वांनी पाळावयाचे, अशी त्यांची वृत्ती. स्वतंत्र बाण्याच्या तरुण खेळाडूंशी त्यांचे खटके उडत. पण ज्याने कोणी बेत नसताना सारे उभे केले, त्याच्या हातून सूत्रे सहज सुटत नाहीत, हे संस्था चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

१९६८ ची स्पर्धा मेक्सिकोने न घेतल्यामुळे इस्राएलमध्ये तेल अवीवजवळ झाली व तीत भारताचा दहा जणांचा संघ प्रथमच उतरला. त्या संघात आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे जवान होते. सैन्यात ते मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पंगू झाले आणि उपचार म्हणून पोहू लागले. १९७२ ची स्पर्धा जर्मनीत हायडेलबर्ग येथे भरली. ज्या देशातून जीव वाचवून पळावे लागले, त्याच देशात गुटमान आता तेहतीस वर्षांनी जगातील पंगू खेळाडूंचे अग्रणी म्हणून उभे होते. त्याच जलतरण तलावात पेटकरांनी पन्नास मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत पार करून जागतिक उच्चांकासह सुवर्णपदक मिळविले. वैयक्तिक स्पर्धेतील भारताचे ते पहिलेच पॅरालिंपिक सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये असे पदक मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. ऐकून मान खाली जाते.

१९७६ मध्ये टोरांटो येथे अंध व हातपाय तुटलेल्या खेळाडूंनाही प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी गुटमान रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९७९ च्या शरद ऋतूत त्यांना हृदयविकाराचा झटका आला व १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या एक्याऐंशिाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्याच जूनमध्ये हॉलंडमधील आर्नहेम येथे पुढची स्पर्धा ठरल्याप्रमाणे सुरू झाली. स्टोक मँडेव्हिलच्या क्रीडागारात २०१२ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला. आणि त्या वर्षीच्या लंडन पॅरालिंपिकमध्ये खेळाडूंच्या ग्रामाचे महापौरपद त्यांची कन्या एव्हा लोफ्लर यांच्याकडे होते.